कावेरीच्या बांधावरील पाण्याचा हिशेब
थंड रक्ताचे प्राणी उन्हाळा कसा काढतात, आणि त्याचा भातशेतीशी संबंध काय?

तंजावरहून कुंभकोणमकडे जाताना वाटेत पापनाशम हे तालुक्याचे गाव लागते. गावालगत तिरुप्पालैत्तुरै येथे शिवमंदिराच्या आवारात विटांनी बांधलेले, शंकूसारखे निमुळते होत गेलेले एक प्रचंड धान्यकोठार उभे आहे. नायक राजांच्या अमदानीत, सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात ते बांधले गेले. त्याच शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजे भोसले यांनी तंजावरची गादी घेतली आणि १८५५ पर्यंत हा सुपीक त्रिभुज प्रदेश मराठी राजघराण्याशी जोडलेला राहिला. त्या काळातही या राज्याचे बळ भातावरच उभे होते.

कोठारातील भात राखण्यासाठी जाड भिंती पुरल्या. शेतातील भात मात्र भिंतींनी राखता येत नाही. तेथे उंदीर, तुडतुडे, खोडकिडा आणि पाने गुंडाळणारी अळी यांच्याशी गाठ असते. या शत्रूंवर दिवसरात्र तुटून पडणारी फौज बांधावरच राहते. बेडूक, सरडे, सापसुरळ्या, धामणी, पाणदिवड आणि कोळी हे तिचे सैनिक. हे सारे प्राणी थंड रक्ताचे आहेत, म्हणजे शरीराची ऊब टिकवण्यासाठी ते आतून उष्णता निर्माण करत नाहीत. त्यामुळे त्यांना अन्न फार थोडे लागते. पण तापमान आणि पाणी या दोन गोष्टींसाठी ते पूर्णपणे जागेवर अवलंबून असतात. जागा गेली की फौज जाते. कावेरीच्या खोऱ्यातील कोरड्या महिन्यांत हे अवलंबन फार स्पष्टपणे दिसते, आणि कोकणातील वा पूर्व विदर्भातील भातशेतीलाही त्यातून बरेच शिकता येते.

साडेचार महिन्यांची कोरड

पापनाशम परिसराला कुडमुरुट्टी आणि तिरुमलैराजन या कावेरीच्या शाखांचे पाणी मिळते. मेट्टूर धरणातून सिंचनासाठी पाणी सोडण्याचा परंपरेने ठरलेला दिवस १२ जून, आणि बंद करण्याचा २८ जानेवारी. साठा अपुरा असेल तर तारीख पुढे जाते, परंतु शेतीचे पंचांग याच दोन दिवसांभोवती फिरते. जूनमध्ये कुरुवै हंगाम सुरू होतो, ऑगस्टच्या सुमारास दीर्घ मुदतीचा सांबा, आणि कुरुवै कापल्यावर त्याच जमिनीत तालडी. वर्षभराच्या पावसातील मोठा वाटा ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी वाऱ्यांकडून मिळतो. सांबा भात कापणीला येत असतानाच उभ्या पिकात उडीद-मूग फेकून पेरतात आणि उरलेल्या ओलीवर ते पीक काढतात.

२८ जानेवारी ते १२ जून हा काळ सुमारे साडेचार महिन्यांचा. कालवे आटतात, भारी गाळाच्या जमिनीला हातभर खोल भेगा पडतात, दुपारचे तापमान एप्रिल-मेमध्ये ३८ अंश सेल्सिअसच्या आसपास आणि कधी त्याहून वर जाते. जानेवारीत ज्या खाचरातून बेडकांच्या आवाजाने कान किटत होते, तेथे मेमध्ये एकही बेडूक दिसत नाही. तरीही पाणी सुटल्यावर थोड्याच दिवसांत तेच आवाज पुन्हा सुरू होतात. मधल्या काळात हे प्राणी दूर कोठे गेलेले नसतात. ते त्याच परिसरात, बहुधा काही हातांच्या अंतरावर, जमिनीच्या पोटात असतात.

‘थंड रक्त’ हा शब्द फसवा

थंड रक्ताचा प्राणी थंडच असतो असे नाही. एप्रिलच्या सकाळी कुंपणाच्या खांबावर ऊन घेत बसलेल्या सरड्याचे शरीर माणसाच्या शरीराइतकेच उबदार असू शकते. फरक आहे तो उष्णता कोठून येते याचा. माणूस, बैल आणि घुबड अन्न जाळून आतून उष्णता निर्माण करतात. सरडा, साप, बेडूक, कीटक हे ती सूर्य, जमीन आणि हवा यांच्याकडून घेतात. म्हणून त्यांना ‘बाह्यतापी’ म्हणणे अधिक योग्य.

या व्यवस्थेचा मोठा लाभ म्हणजे काटकसर. सारख्याच वजनाच्या सस्तन प्राण्याच्या तुलनेत सरीसृपाला लागणारी ऊर्जा साधारण दहावा हिस्सा किंवा त्याहूनही कमी असते. घुबडाला रोज शिकार हवी. धामण एकदा पोटभर खाल्ल्यावर कित्येक दिवस थांबू शकते. त्यामुळे उंदीर कमी झाले तरी धामण शेत सोडून जात नाही, आणि उंदरांची संख्या पुन्हा वाढू लागते तेव्हा ती तेथेच हजर असते.

फार काळ असा समज होता की हे प्राणी हवेच्या तापमानाबरोबर निमूटपणे वर-खाली होतात. १९४४ मध्ये रेमंड काउल्स आणि चार्ल्स बोगर्ट या अमेरिकी अभ्यासकांनी वाळवंटी सरीसृपांवरील निरीक्षणे प्रसिद्ध केली आणि चित्र बदलले. ऊन-सावलीत ये-जा करून, अंगाची दिशा बदलून, बिळात शिरून हे प्राणी आपले तापमान बऱ्याच अरुंद मर्यादेत राखतात, असे त्यांनी दाखवले. म्हणजे तापमान राखण्याचे यंत्र शरीरात नसून वागणुकीत आहे. अशा यंत्राला ऊन आणि सावली, कोरडे आणि ओले, उंच आणि खोल अशा निरनिराळ्या जागा जवळजवळ असाव्या लागतात.

हवेची तहान

आता पाण्याकडे वळू. ओल्या पृष्ठभागावरून किती पाणी उडून जाईल हे केवळ तापमानावर ठरत नाही. हवेत आणखी किती वाफ मावू शकते, यावर ते ठरते. कृषी हवामानशास्त्रात याला बाष्पदाब तूट म्हणतात. सोप्या शब्दांत, ही हवेची तहान.

नोव्हेंबरमधील पावसाळी दिवस घेऊ : तापमान २८ अंश, सापेक्ष आर्द्रता ८० टक्के. या हवेची बाष्पदाब तूट सुमारे ०.७६ किलोपास्कल येते. मे महिन्यातील दुपार घेऊ : ३८ अंश, आर्द्रता ४० टक्के. तूट जवळजवळ ४ किलोपास्कल. तापमान दहा अंशांनीच वाढले, पण हवेची तहान पाचपट झाली. पिकाच्या पानांवर याचा काय परिणाम होतो हे विस्तार कार्यकर्त्यांना ठाऊकच असते. बेडकावर तो अधिक कठोर होतो, कारण पानाला पर्णरंध्रे मिटता येतात. बहुतेक बेडकांच्या त्वचेला तशी सोय नाही.

बेडकाची त्वचा पातळ, ओलसर आणि श्वसनातही भाग घेणारी असते. तिच्यावरून पाणी जवळजवळ उघड्या पाण्याच्या पृष्ठभागाइतक्याच वेगाने उडते. यातून थंडावा मात्र खात्रीने मिळतो. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता शोषली जाते. पाव किलो वजनाच्या बैलबेडकाचे शरीर पाच अंशांनी थंड करायला साधारण एक हजार कॅलरी काढून घ्याव्या लागतात, म्हणजे सुमारे पावणेदोन ग्रॅम पाणी पुरते. हा खर्च किरकोळ वाटतो. पण तो एकदाच करून भागत नाही. भोवतालची तापलेली हवा सतत उष्णता देत राहते आणि बेडकाला ती सतत वाफेच्या रूपाने परत करावी लागते.

वेधशाळेतील ओल्या फुग्याच्या तापमापकाशी याची तुलना करता येते. वर दिलेल्या मेमधील हवेत, वारा असताना, ओला फुगा सुमारे २६ अंश दाखवील. सावलीतील ओल्या बेडकाचे शरीरही त्याच दिशेने थंड होत जाते. हवा ३८ अंश असताना शरीर त्याहून कितीतरी खाली राहते, हे खरे. पण तापमापकाच्या वातीला खालून पाणी मिळते तसे बेडकाला मिळाले नाही, तर काही तासांतच त्याची शिल्लक संपू लागते.

लहान आकाराचे प्राणी येथे अधिक अडचणीत असतात. वजन कमी होते तसे दर ग्रॅममागे त्वचेचे क्षेत्र वाढते. नुकतेच शेपूट गळून पडलेल्या एक ग्रॅमच्या पिल्लाला पाव किलोच्या प्रौढ बेडकापेक्षा दर ग्रॅममागे सुमारे सहापट त्वचा असते. म्हणून खाचर अचानक कोरडे झाले की पहिला बळी पिल्लांचा जातो.

बेडूक पाणी कसे मिळवतो

बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. पोटाच्या मागील भागात, मांड्यांच्या मध्ये, त्याच्या त्वचेचा एक पट्टा रक्तवाहिन्यांनी समृद्ध असतो. हा पट्टा ओल्या मातीला टेकवून तो पाणी शोषतो. शरीरात पाणी कमी पडले की व्हॅसोटोसिन या संप्रेरकाच्या प्रभावाने या त्वचेतून पाणी अधिक सहज आत येते. मूत्राशयात साठवलेले पातळ मूत्रही शरीर परत शोषून घेते. मूत्राशय हे त्याचे शेततळे म्हणावे असेच आहे.

मातीतून पाणी घेण्याला मात्र मर्यादा आहे, आणि ती मृदाशास्त्राच्या परिचित भाषेत मांडता येते. जमीन वाफशावर असताना माती पाण्याला सुमारे एक तृतीयांश बार इतक्या ताणाने धरून ठेवते. पीक कायमचे कोमेजण्याची मर्यादा सर्वसाधारणपणे १५ बार मानतात. बेडकाच्या शरीरद्रवाची शोषणशक्ती सुमारे ५ ते ६ बार असते. मातीचा ताण त्याहून वाढला की पाणी उलट दिशेने, बेडकाकडून मातीकडे, जाऊ लागते. म्हणजे उडदाचे पीक अजून तग धरून असते, तेव्हाच त्या थरातील बेडूक संकटात आलेला असतो. दीर्घ सुप्तावस्थेत काही जाती शरीरात युरिया साठवून ही शोषणशक्ती वाढवतात. पण त्यालाही सीमा आहे. तेव्हा बेडकाला उन्हाळ्यात साचलेले पाणी असलेच पाहिजे असे नाही. त्याला खोलवर टिकलेली ओल हवी असते.

अशी ओल मिळते कोठे? उघड्या जमिनीचा पृष्ठभाग भर दुपारी ५० अंशांच्याही वर तापू शकतो, पण हातभर खोलीवर दिवस-रात्रीचा फरक जवळजवळ पुसला जातो. कालव्याच्या काठातील खेकड्यांची बिळे ओलीपर्यंत खाली गेलेली असतात. उंदरांची सोडलेली बिळे, झाडांच्या मुळांखालील पोकळ्या आणि जमिनीच्या खोल भेगाही आसरा देतात. या भागातील केळीच्या बागा आणि हादग्याच्या सावलीत वाढणारे पानमळे तर उन्हाळाभर ओलावलेले असतात. अशा बागेचा काठ म्हणजे आसपासच्या कित्येक खाचरांतील बेडकांचे उन्हाळी घर.

मेण चोपडणारा झाडबेडूक

या नियमाला एक सुंदर अपवाद त्याच परिसरातील घराघरांत सापडतो. न्हाणीघराच्या भिंतीवर, माठाच्या मागे किंवा दाराच्या चौकटीवर दिवसभर निश्चल बसून राहणारा तपकिरी झाडबेडूक अनेकांनी पाहिलेला असतो. बनारस हिंदू विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी अमेरिकी संशोधक हार्वे लिलीव्हाइट यांच्यासह या जातीचा अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष १९९७-९८ मध्ये प्रसिद्ध झाले. हा बेडूक त्वचेतून स्निग्ध द्रव्ययुक्त स्राव सोडतो आणि पायांनी तो सर्वांगावर चोळून घेतो. त्यानंतर त्याच्या अंगावरून पाणी उडण्याचे प्रमाण घटते. अंग चोळून झाले की तो पाय पोटाखाली घेतो, मान खाली घालतो आणि अजिबात हालचाल करत नाही, कारण हालचालीने तो थर मोडतो.

पण पाणी वाचवले की वाफेचा थंडावाही कमी होतो. म्हणून हा बेडूक सावलीची, शांत वाऱ्याची जागा निवडतो आणि रात्रीच बाहेर पडतो. पाणी आणि थंडावा यांपैकी एक घेतला तर दुसऱ्याची किंमत मोजावी लागते, हे त्याच्या वागण्यातून नेमके दिसते.

सरडा आणि साप : दुसऱ्या टोकाचा उपाय

सरीसृपांनी पाण्याच्या बाजूने निर्णय घेतलेला आहे. त्यांच्या त्वचेतून पाणी फार सावकाश जाते. हे काम खवले करतात असे वाटते, परंतु १९७२ मध्ये जन्मतःच खवले नसलेल्या एका सापावर केलेल्या चाचणीत त्याचे पाणी नेहमीच्या सापापेक्षा वेगाने गेले नाही, असे आढळले. खरा अडसर त्वचेतील स्निग्ध द्रव्यांच्या थरांचा असतो. शिवाय हे प्राणी शरीरातील नत्र युरियाऐवजी बहुतांशी युरिक आम्लाच्या घट्ट रूपात टाकतात. सरड्याच्या विष्ठेला असलेला पांढरा ठिपका हाच. त्यामुळे मूत्रावाटे जाणारे पाणीही वाचते.

पाणी वाचले, पण घाम नाही आणि ओली त्वचाही नाही, तेव्हा उष्णतेचा निचरा कसा करायचा? येथे वागणूक कामी येते. सकाळी सरडा गडद होतो, अंग चपटे करून उन्हाला आडवा बसतो. ऊन चढले की रंग फिका पडतो, तोंड सूर्याच्या दिशेने करून तो उन्हात येणारे अंग कमी करतो. मग जमिनीवरून उठून फांदीवर, वाऱ्यात जातो. शेवटी सावलीत शिरतो. तोंड उघडून धापा टाकणे, म्हणजे वाफेने थंड होणे, हा त्याचा अखेरचा उपाय. कारण त्यात पाणी जाते. धामण दिवसा फिरणारी असली तरी कडक उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळचा वेळ साधते आणि भर दुपार बिळात किंवा दाट झुडपात काढते.

याच शेतातील गोड्या पाण्यातील मोठी गोगलगाय तर दारच लावून घेते. पाणी आटू लागताच ती चिखलात शिरते, शिंपल्याचे तोंड झाकणाने घट्ट बंद करते आणि शरीराचे व्यवहार अगदी मंदावून पुढील पाण्याची वाट पाहते.

उष्ण प्रदेशातील या प्राण्यांना हवामानबदलाचा धोका कशातून आहे, तेही यावरून कळते. तापमान दहा अंशांनी वाढले की बाह्यतापी प्राण्याच्या शरीरातील व्यवहारांचा वेग साधारण दुप्पट ते तिप्पट होतो. म्हणजे अन्नाची गरज वाढते आणि श्वासावाटे जाणारे पाणीही वाढते. उष्ण कटिबंधातील अनेक जाती आधीच आपल्या सोसण्याच्या वरच्या मर्यादेजवळ जगत आहेत. त्यांच्यासाठी एका झाडाची सावली किंवा एक ओले बीळ निर्णायक ठरू शकते.

फौज नाहीशी होते तेव्हा

भारताने याचा एक कडू अनुभव घेतलेला आहे. अनेक वर्षे भारतातून बेडकांच्या तंगड्यांची परदेशी निर्यात होत होती, आणि त्यासाठी भातशेतीतील बैलबेडूक मोठ्या प्रमाणावर पकडले जात. १९८५ मध्ये वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात या बेडकाचा समावेश झाला आणि १९८७ मध्ये भारताने निर्यात बंद केली. सापांच्या कातड्यांची निर्यात त्याआधीच, १९७६ मध्ये, थांबवण्यात आली होती. पकडणे कायद्याने थांबले. जागा नाहीशी होणे मात्र कायद्याने थांबत नाही. ते शेतावरच्या रोजच्या निर्णयांवर ठरते.

बेडूक केवळ किडीच खातो असेही नाही. तो समोर हलणारे सारे खातो, त्यात कोळी आणि मित्रकीटकही येतात. त्यामुळे बेडूक आहेत म्हणून किडींचे सर्वेक्षण सोडून देणे चुकीचे ठरेल. पण फवारणीची गरज लांबवणारी, विनावेतन काम करणारी ही एक कायमची फळी आहे, एवढे निश्चित.

शेतावर काय करता येईल

पहिला पेच बांधाचा. रुंद, गवताळ बांध बेडकांना आवडतो. तसाच तो उंदरांनाही आवडतो. म्हणूनच भातशेतीत बांध अरुंद आणि स्वच्छ ठेवण्याची शिफारस केली जाते आणि ती योग्यच आहे. उपाय असा की खाचरांमधील आतले बांध अरुंद ठेवावेत, परंतु कालव्याचा काठ, शिवेची कड, विहिरीभोवतालची जागा येथील झुडपे, कडुनिंब, ताड आणि गवत राखावे. सगळीकडे एकाच वेळी साफसफाई करू नये.

दुसरा पेच उंदरांच्या बिळांचा. विषारी धुरी दिली की बिळातील बेडूक, धामण आणि सापसुरळीही मरते. यासाठी जुनी, सिद्ध पद्धत उपयोगी आहे : संध्याकाळी सर्व बिळे मातीने बुजवावीत आणि दुसऱ्या दिवशी जी उकरलेली दिसतील तेवढीच उंदरांची जिवंत बिळे समजून त्यांवर उपाय करावा. न उकरलेल्या बिळांत औषध टाकू नये, त्यांची तोंडे पुन्हा मोकळी करावीत. ॲल्युमिनियम फॉस्फाइडसारखे घातक द्रव्य तर प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीशिवाय वापरूच नये. तंजावर भागात बांबूच्या धनुष्यासारख्या सापळ्याने, म्हणजे ‘तंजावर किट्टी’ने, उंदीर पकडण्याची परंपरा आहे. घुबडांसाठी शेतात उभारलेले इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचे थांबेही तेथे रूढ झाले आहेत. या दोन्ही उपायांनी बांधावरील इतर प्राण्यांना विषबाधा होत नाही.

तिसरा पेच पाणीबचतीचा. आलटून-पालटून पाणी देण्याच्या पद्धतीत खाचरातील पाण्याची पातळी जमिनीखाली १५ सेंटीमीटर जाईपर्यंत थांबून मग पुन्हा पाणी देतात. पाण्याच्या बचतीसाठी ही पद्धत आवश्यक आहे. पण बेडकांच्या पिल्लांना पाय फुटेपर्यंत काही आठवडे सलग पाणी लागते. जपानमधील सादो बेटावर यावर तोडगा निघाला. २००८ मध्ये तेथे पाळीव पैदाशीतील तोकी पक्षी पुन्हा निसर्गात सोडण्यात आले. त्यांना खाद्य मिळावे म्हणून भातखाचराच्या कडेला एक अरुंद चर राखतात, म्हणजे खाचर कोरडे केले तरी चरात पाणी राहते आणि बेडकांची पिल्ले, जलकीटक तेथे आसरा घेतात. खाचराच्या सर्वांत सखल कोपऱ्यात हातभर खोल चर काढणे कावेरीकाठी किंवा कोकणातही अवघड नाही.

चौथी गोष्ट धसकट जाळण्याची. कापणीनंतर शेत पेटवले की पृष्ठभागाजवळ आसरा घेतलेले प्राणी मरतात आणि ओल धरून ठेवणारे आच्छादनही जाते. तेच धसकट जमिनीवर राहिले तर माती थंड राहते. उडीद-मुगाला त्याचा फायदा होतो आणि बेडकालाही.

साप आणि माणूस

या फौजेत विषारी सापही आहेत, ही गोष्ट कोणत्याही शेतकऱ्याला विसरता येत नाही. एका मोठ्या अभ्यासाच्या अंदाजानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतील जवळपास निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या महिन्यांतील होते. सापांच्या पाणी-तापमानाच्या गणिताशी हे जुळते. पाऊस पडला किंवा कालव्याला पाणी आले की बिळे भरतात, हवेची तहान कमी होते, बेडूक-उंदीर बाहेर पडतात आणि त्यांच्यामागे साप. नेमक्या त्याच दिवसांत शेतकरी पाणी फिरवायला रात्री बांधावर असतो.

म्हणून पाणी सुटल्यानंतरच्या दिवसांत बांधावर जाताना विजेरी, काठी आणि घोट्याच्या वर येणारे बूट वापरावेत. गवताच्या पेंढीत वा बिळात थेट हात घालू नये. घराला लागून लाकडे, पेंढा यांचे ढीग रचू नयेत. थंड, ओलसर पोकळी सापालाही हवी असते. दंश झाल्यास कापणे, चोखणे, करकचून बांधणे टाळावे. तो अवयव न हलवता रुग्णाला तातडीने प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात न्यावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर हे औषध चालते. २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवून केंद्र सरकारने २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला आहे. तो गावापर्यंत पोहोचवण्यात विस्तार कार्यकर्त्यांचा वाटा मोठा आहे.

कोकणासाठी हिशेब

कावेरीच्या खोऱ्यात कोरड साडेचार महिन्यांची. कोकणातील एकपिकी खाचरांत ती नोव्हेंबरपासून मेअखेरपर्यंत, म्हणजे त्याहून लांब. बैलबेडूक, धामण, पाणदिवड, सरडा हे दोन्हीकडे आहेत. कोकणात पानमळ्यांऐवजी आगर, परसातील केळी, पऱ्ह्याचा काठ आणि देवराई ही उन्हाळी घरे. गावात बेडूक कमी झाले असे वाटत असेल, तर पावसाळ्यात खाचरात शोध घेण्याआधी एप्रिलमध्ये एक फेरी मारावी : शिवारात दिवसभर सावली आणि हातभर खोलीवर ओल अजून कोठे आहे, याची नोंद करावी. खाचरापासून जवळ अशा चार-सहा जागा सापडल्या तर पुढील हंगामात फौज येईल. सापडल्या नाहीत, तर शिवेवर झाड लावण्याचे आणि सखल कोपऱ्यात चर खोदण्याचे काम पावसाआधीच हाती घ्यावे लागेल.

तिरुप्पालैत्तुरैचे कोठार पूर्वजांनी येणाऱ्या हंगामाचा विचार करून बांधले होते. उन्हाळ्यात ओला ठेवलेला शेताचा एक कोपराही तितक्याच दूरदृष्टीने राखावा लागेल.